पावारोत्तीची पहिली दहा वर्षं, २७ सीडींचा बॉक्स: घ्यावा का?

डेक्का या रेकॉर्ड कंपनीचा 'द फर्स्ट डिकेड' बॉक्स घेतला शेवटी. इटलीचा ऑपेरा गायक लुचानो पावारोत्ती (टेनर, म्हणजे वरच्या पट्टीतला पुरुष आवाज), त्याचं सुरुवातीच्या काळातलं काम, २७ सीडी, आता सीडी प्लेयर कोणाकडे असतो म्हणा, मी आल्या आल्या सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. ज्या विक्रेत्याकडून मागवला त्याच्याकडे पॅकिंगच्या नावाने बोंब, एक कोपरा चेपूनच आला, पण सीड्या धड होत्या मग परत पाठवायच्या भानगडीत पडलो नाही.

पैसे वसूल कशात होतात सांगू का, १९६१ च्या 'ला बोएम' या ऑपेरामध्ये. २९ एप्रिल १९६१, इटलीतल्या रेज्जो एमिलिया गावचं थिएटर, गडी २५ वर्षांचा, आणि ऑपेराच्या स्टेजवर हे त्याचं पदार्पण. तिथल्या गायन स्पर्धेत जिंकला म्हणून हा नायकाचा, रोदोल्फोचा रोल मिळालेला. त्याच्या आधीचं आयुष्य बघा, वडील मोदेना गावात बेकरीत कामाला, त्यांचा स्वतःचा आवाज उत्तम पण स्टेजची धास्ती म्हणून कधी धंदा केला नाही गाण्याचा, आई सिगारच्या कारखान्यात, पोराला व्हायचं होतं फुटबॉलचा गोलकीपर. झाला प्राथमिक शाळेत मास्तर, मग इन्शुरन्स विकला. १९ व्या वर्षी आर्रिगो पोलाकडे गाणं शिकायला लागला, त्या माणसाने घरची परिस्थिती बघून फी घेतली नाही. मध्येच गळ्यात गाठ झाली, फेर्रारातला कार्यक्रम पार पडला म्हणजे अक्षरशः पडला, आणि याने गाणं सोडायचंच ठरवलं, तर गाठ आपोआप गेली!

आता ऐकायची पद्धत. 'के जेलिदा मानिना' हे एकच गाणं तीनदा ऐका (थंडीने गारठलेल्या माळ्यावर नायिका मिमीची मेणबत्ती विझते, किल्ली हरवते, अंधारात शोधताना रोदोल्फो तिचा हात धरतो, तिथलं). आधी १९६१ चं, मग १९६४ च्या छोट्या रेकॉर्डवरचं, मग १९७२ चं कंडक्टर कारायानसोबतचं. १९६१ चा आवाज कोवळा, जरा बारीक, लाइव्ह रेकॉर्डिंग असल्याने साउंडही जुनाट, हेडफोनवर त्रास होईल, स्पीकरवर ऐका. १९६४ ला आत्मविश्वास आलेला कळतो, आदल्याच वर्षी लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरा हाउसमध्ये दि स्तेफानो या नावाजलेल्या टेनरच्या जागी उभा राहून हाच रोल गाजवला होता ना. पण १९७२ ला जे होतं ते वेगळंच, 'ला स्पेरान्झा' या शब्दांवरचा तो वरचा सी (टेनरची कसोटी बघणारा उंच सूर) असा येतो की जोर लावल्याचं जाणवतच नाही, आणि त्याच्या आधीची ओळ तो निवांत, श्वास राखून म्हणतो. मधे १९६५ मध्ये ऑपेरा गायिका जोन सदरलंडसोबत ऑस्ट्रेलियाचा दौरा झाला, तिथे तिच्या बरगड्यांवर हात ठेवून ती श्वास कसा धरते ते त्याने शिकून घेतलं. हे वाचलेलं होतं, पण कानाने पटलं ते या बॉक्समुळे. माझ्या मते आवाज देवाचा वगैरे बोलतात त्यात अर्धाच खरा मुद्दा आहे, बाकीचा दम आणि रियाज.

'ला फीय द्यु रेजिमां' हा ऑपेरा पण यात आहे, एका गाण्यात नऊ वेळा वरचा सी, एकामागोमाग एक. याच ऑपेराला १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये १७ वेळा त्याला टाळ्यांनी पडद्यासमोर बोलावलं होतं लोकांनी. 'तुरांदोत' ऑपेराला कंडक्टर आपले मुंबईचे झुबिन मेहता, त्यातलं 'नेस्सून दोर्मा' हे गाणं बीबीसीने १९९० च्या वर्ल्ड कपला लावलं आणि गोलकीपर व्हायचं राहिलेला माणूस फुटबॉलवाल्यांच्या घराघरात गेला.

'बेआत्रिचे दि तेंदा' हे ऑपेराचं रेकॉर्डिंग मात्र मला झेपलं नाही, ते सदरलंडच्या भक्तांसाठी, टेनरला त्यात फार वाव नाही, अर्ध्यात बंद केलं.

नवीन असाल तर पूर्ण बॉक्स घेऊ नका, कारायानचं 'ला बोएम' सुटं मिळतं ते घ्या, मिमी मिरेल्ला फ्रेनी आहे, तीही मोदेनाचीच, दोघांच्या आई एकाच कारखान्यात कामाला आणि दोघं एकाच दाईच्या दुधावर वाढलेले. १९६१ चं ऐकायची हौस असेल तरच २७ सीडींचा खर्च करा.