रिमोटचा पंखा की रेग्युलेटरचा?

पंखा घ्यायला गेलं की हल्ली दुकानदार आधी बीएलडीसीच दाखवतो, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा, बहुतेकदा रिमोटवरचा पंखा. आमच्याकडे तीन वर्षं दोन्ही प्रकार चालू आहेत. हॉलमध्ये आणि आईच्या खोलीत बीएलडीसी बसवले, आमच्या खोलीत जुना साधा पंखा तसाच ठेवला. त्यामुळे जे लिहितोय ते वापरून लिहितोय.

विजेच्या बाबतीत वाद नाही. साधा पंखा पूर्ण वेगाने ७०-८० वॉट घेतो, बीएलडीसी साधारण तिशीच्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला पंधरा-सोळा युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांनंतर दर चढतो, म्हणजे वाचतात ते वरच्या, महागड्या टप्प्यातले युनिट. किमतीतला फरक माझ्या अंदाजाने दोनेक उन्हाळ्यांत भरून निघतो. पंखा दोनच्या वेगावर फिरवणाऱ्यांची बचत कमी होईल, कारण आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर साधा पंखाही हळू फिरताना कमी वीज घेतो. पूर्वीच्या पेटीसारख्या रेग्युलेटरचं तसं नव्हतं. त्यात उरलेली वीज नुसती तापून जायची, हात लावला की कळायचं.

लाइट गेल्यावर तर बीएलडीसीला तोड नाही. आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा. त्यावर साधा पंखा रात्रभर घुंऽऽ करत राहतो, बीएलडीसी गप्प फिरतो आणि बॅटरीही जास्त पुरते. गावाकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि साध्या पंख्याची पाती मोजता येतात. तिथे बीएलडीसी आपला वेग सोडत नाही. गावातल्या घरासाठी कोणी विचारलं तर मी डोळे झाकून तोच सांगेन.

आता रिमोट.

आईचं वय ७६. पहाटे तीनच्या सुमारास तिला गार वाटायला लागतं. पूर्वी ती उठायची, भिंतीला हात लावायची आणि रेग्युलेटरचं बटण दोन घरं मागे फिरवून पुन्हा झोपायची. दिवा नाही, चष्मा नाही. बोटांना सवय होती. पंखा बदलल्यावर तिला आधी उशीखाली चाचपून रिमोट शोधावा लागायचा, मग चष्मा, मग दिवा. तोवर झोप मोडलेली. रिमोटवर सगळी बटणं एका आकाराची, त्यावरची अक्षरं बारीक. एकदा तर सलग चार रात्री पंखा दोन वाजता आपोआप बंद पडत होता. मी वायरमनला बोलावलं, त्याने वरचं कनेक्शन उघडून पाहिलं, सगळं ठीक. शेवटी लक्षात आलं की वेग कमी करायला जाऊन तिच्याकडून टायमरचं बटण दाबलं जात होतं. चार रात्री ती घामाघूम होऊन जागी होती आणि "तुम्हाला कशाला उठवायचं" म्हणून गप्प बसली होती. ते मला फार लागलं.

रिमोटची एक सोय मान्य करायला हवी. मच्छरदाणीत झोपणाऱ्याला बाहेर यावं लागत नाही. पण तोच रिमोट गोधडीच्या घडीत जातो, चादरींबरोबर धुवायला पडतो, नेमका मे महिन्यात त्याचा सेल संपतो. हॉलमध्ये तर ज्याच्या हातात रिमोट, त्याच्या मर्जीचा वारा. भिंतीवरचं बटण घरातल्या सगळ्यांचं असतं, आलेल्या पाहुण्यालाही न विचारता वापरता येतं.

दुरुस्तीतही फरक आहे. साधा पंखा हळू फिरायला लागला की बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. २.५ मायक्रोफॅरडचा तो छोटा डबा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, अर्ध्या तासात काम होतं. हॉलमधल्या बीएलडीसीचं सर्किट वादळात गेलं तेव्हा कंपनीचा माणूस येईपर्यंत अकरा दिवस आम्ही टेबल फॅनवर काढले. सगळ्यांच्या वाट्याला असंच येईल असं नाही.

भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसीही आता निघाले आहेत. मी वापरलेले नाहीत, पण वीजही वाचवायची आणि घरात म्हातारं माणूसही आहे, अशांनी दुकानात तेच आधी मागावेत. घेण्यापूर्वी आपल्या घरातल्या रेग्युलेटरवर चालेल का, हे विचारून घ्यावं. प्रत्येक मॉडेल चालत नाही. वीजबचतीचं स्टार लेबल जानेवारी २०२३ पासून पंख्यांना सक्तीचं आहे, ते दोन्ही प्रकारांत बघता येतं.

हॉलमध्ये आमचा बीएलडीसी राहणार आहे. तिथे पंखा दिवसभर चालतो आणि रिमोट सापडला नाही तरी कोणाची झोप जात नाही. आईच्या खोलीतला मात्र मागच्या महिन्यात उतरवला. रेग्युलेटर काढून जिथे डमी लावली होती, ती काढून पुन्हा रेग्युलेटर बसवला आणि वर साधा पंखा टांगला. बिल थोडं वाढेल. वायरमन जिना उतरायच्या आत आईने खोलीतला दिवा बंद केला आणि अंधारात ते बटण दोनदा फिरवून बघितलं.