लाल चिऱ्याच्या घरातला वायफाय प्रिंटर: नऊ महिने वापरल्यानंतर

हा अनुभव मी मुद्दाम थांबून लिहिते आहे. डिसेंबरात प्रिंटर घरी आला तेव्हाच लिहिला असता, तर त्यात आंब्याचा हंगाम नसता, पावसाळा नसता आणि गणपतीची गर्दीही नसती. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या घरात प्रिंटर कसा टिकतो ते जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कळते. ते चार महिने आता पार पडले.

आमचे घर देवगड तालुक्यात आहे. हापूसची कलमे आहेत, आणि काही वर्षांपासून आम्ही आंबा दलालाकडे न देता थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आंबा नेमका कुठल्या बागेतला हे गिऱ्हाईक आवर्जून विचारते. म्हणून प्रत्येक खोक्यावर बागेचे नाव, काढणीची तारीख आणि पत्ता छापून चिकटवते. शिवाय सातबारा, आठ-अ, फळपीक विम्याचे कागद आणि बारावीतल्या मुलीच्या सराव प्रश्नपत्रिका असतातच. प्रत्येक वेळी स्कूटर काढून जामसंड्याला जायचे, दुकानात थांबायचे, आणि घरी आल्यावर कळायचे की पिनकोडमध्ये एक आकडा चुकला. म्हणून प्रिंटर घेतला.

कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही. मॉडेल दर वर्षी बदलतात, आणि मला जे सांगायचे आहे ते यंत्राच्या जातीबद्दल आणि आमच्या हवेबद्दल आहे.

पहिला विचार लेसरचा होता. लेसरमध्ये शाई नसतेच, टोनरची कोरडी भुकटी असते. महिनाभर पडून राहिला तरी वाळण्यासारखे काही नाही, आणि छापलेल्या अक्षरावर पाणी पडले तरी ते पसरत नाही. ही भुकटी कागदावर वितळवून बसवायला आतला रूळ दोनशे अंशांच्या आसपास तापतो. तो तापताना वीज एकदम खूप ओढली जाते, आणि घरच्या इन्व्हर्टरला तो झटका झेपत नाही. आमच्याकडे पावसात लाईट किती वेळ जाईल याचा नेम नाही, त्यामुळे इन्व्हर्टरवर न चालणारे यंत्र माझ्या उपयोगाचे नव्हते. लेबलाला रंगही हवा होता, आणि रंगीत लेसर बजेटबाहेर गेला. पण महिन्याला चार-पाच कागद छापणाऱ्या घराने, आणि तेही फक्त काळे, मनात किंतु न ठेवता साधा लेसर घ्यावा असे मी आजही सांगेन.

छोट्या कार्ट्रिजवाल्या स्वस्त प्रिंटरचा विचार लगेच सोडला. यंत्र स्वस्त मिळते, पण कार्ट्रिज दोन-तीनदा बदलले की तेवढेच पैसे परत जातात. राहिला शाईच्या टाकीचा, म्हणजे इंक टँक. तो इन्व्हर्टरवर चालतो, कारण छापताना बहुतेक इंक टँक वीसेक वॅटच्या आतबाहेर वीज घेतात.

इंक टँकमध्येही दोन गोष्टी बघाव्यात. एक म्हणजे हेड, म्हणजे कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग. एप्सनच्या यंत्रात विजेने आकार बदलणारा स्फटिक शाई ढकलतो. कॅनन आणि एचपीच्या घरगुती यंत्रांत शाई क्षणभर तापते आणि बुडबुड्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. दोन्ही रीती चांगल्या आहेत. मी एवढेच विचारले की हेड कायमचे बिघडले तर ते घरी बदलता येते का. काही मॉडेलमध्ये येते, काहींत नाही. सर्व्हिस सेंटर पन्नासेक किलोमीटरवर असेल तर या प्रश्नाला फार किंमत आहे. मी घरी बदलता येणारे घेतले.

दुसरी गोष्ट काळ्या शाईची, आणि ती दुकानात सहसा कोणी सांगत नाही. काळी शाई दोन प्रकारची असते. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, तो ओला झाला की पसरतो. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर बसतात आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. मी दुकानातच दोन यंत्रांवर एकेक पान छापून घेतले आणि पाण्याचे बोट फिरवले. दुकानदार म्हणाले, "ताई, पाणी कित्याक घालतास?" मी म्हटले, "मे महिन्यात वळीव इलो तर खोक्यावरचा नाव रवाक व्हया." एका पानावर निळसर ओघळ उतरला, दुसऱ्यावर अक्षर जागच्या जागी राहिले. तेच घेतले. रंगीत शाया यातही डायच आहेत, म्हणून लेबलावर पत्ता नेहमी काळ्यात ठेवते, रंग फक्त आंब्याच्या चित्राला.

एक चूक मात्र झाली. "घरी येऊन सर्व्हिस" असे लिहिलेले वाचून मी निर्धास्त राहिले. आमच्या पिनकोडला ती सेवा मिळत नाही, हे नंतर फोनवर कळले. घेण्याआधी आपला पिनकोड सांगून विचारा.

आता जोडणी. आतल्या चिकटपट्ट्या एकूण एक काढणे आणि शाई भरणे यात अवघड काही नाही. पहिल्यांदा शाई नळ्यांत ओढून घ्यायला यंत्र बराच वेळ घेते, तेवढ्यात वीज जाता कामा नये. म्हणून ते काम लाईट स्थिर असलेल्या सकाळी करा. ही पहिली शाई नळ्या भरण्यातच बरीच खर्च होते, त्यामुळे पहिल्या बाटल्या लवकर संपल्यासारख्या वाटतात. त्यात बिघाड नाही.

खरी अडचण भिंतींची निघाली. घर जुने, जांभ्या चिऱ्याचे, भिंती जाड. फायबरची केबल पडवीत येते, म्हणून राउटर तिथे. प्रिंटर मात्र मला माजघरात हवा होता, कारण पडवीवर खारा वारा थेट येतो. मधे दोन भिंती. राउटर दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेग जास्त, पण तो भिंतीत लवकर विरतो. शिवाय घरगुती प्रिंटरांपैकी बरेचसे, माझाही, फक्त २.४ ओळखतात. राउटरने दोन्हींना एकच नाव दिले होते. माझा फोन ५ वर, प्रिंटर २.४ शोधतोय, आणि कंपनीचे ॲप म्हणते प्रिंटर सापडत नाही. यात एक संध्याकाळ गेली. पुण्याच्या पुतण्याने फोनवर सांगितले, "काकी, दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या, आणि जोडणी होईपर्यंत फोन २.४ वर ठेवा." तसे केल्यावर पहिल्या फेरीत जोडला गेला. एकदा जोडल्यावर लॅपटॉप ५ वर असला तरी चालते, राउटर एकच असला म्हणजे झाले. ॲप नको असेल तर राउटरवर डब्ल्यूपीएसचे, म्हणजे पासवर्ड न घालता जोडणी करण्याचे, बटण असते. ते दाबल्यावर दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचे दाबायचे.

विंडोजमध्ये सेटिंग्जमधून प्रिंटर्स अँड स्कॅनर्स उघडून ॲड डिव्हाइस म्हटले की नाव दिसते. इथे मी पुन्हा अडले, कारण लॅपटॉप पाहुण्यांसाठी केलेल्या गेस्ट नेटवर्कवर होता. गेस्टवरच्या यंत्राला इंटरनेट मिळते, पण घरातली बाकी यंत्रे दिसत नाहीत. मुख्य नेटवर्कवर आल्यावर प्रिंटर लगेच दिसला.

जानेवारीभर मला ज्याने छळले ती गोष्ट सविस्तर सांगते, कारण लाईट जाणाऱ्या प्रत्येक घरात ती होणार. लाईट जाऊन आली की लॅपटॉप म्हणायचा "प्रिंटर ऑफलाइन". प्रिंटरचा वायफायचा दिवा चालू, मोबाइलवरून छपाई होते, लॅपटॉपवरून नाही. मी दर वेळी प्रिंटर काढून नव्याने जोडत होते. कारण असे की घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आयपी क्रमांक देतो. लाईट गेल्यावर सगळी यंत्रे नव्याने क्रमांक घेतात, आणि काल प्रिंटरकडे असलेला क्रमांक आज टीव्हीकडे गेलेला असू शकतो. लॅपटॉप मात्र जुन्याच क्रमांकावर हाक मारत राहतो.

उपाय राउटरमध्ये आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता घालायचा (माझ्याकडे १९२.१६८.१.१), डीएचसीपीच्या (आयपी क्रमांक वाटपाच्या) पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधायचे, आणि प्रिंटरच्या मॅक ॲड्रेससमोर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकासमोर, एक आयपी क्रमांक कायमचा लिहून टाकायचा. मॅक ॲड्रेस प्रिंटरच्या नेटवर्क माहितीच्या पानावर छापून मिळतो. मी शेवटचा आकडा ५० दिला. मग विंडोजमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सखाली त्याच क्रमांकाचा टीसीपी/आयपी पोर्ट केला. फेब्रुवारीत हे केले, तेव्हापासून "ऑफलाइन" एकदाही आलेले नाही.

मार्च ते मे हा काळ प्रिंटरच्या दृष्टीने सुखाचा गेला. रोज काम, त्यामुळे शाई वाहती. लेबलांचे कागद भराभर निघत होते. यजमान बागेतून यायचे, ओटीवर बसून मोबाइलवरूनच त्या दिवसाच्या पत्त्यांचे पान सोडायचे आणि मुलगी आत कात्रीने कापायची. वायरलेसचा खरा उपयोग मला तेव्हा पटला.

मग पाऊस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कागद अडकायला लागला. एकाच वेळी दोन-तीन पाने आत जायची. मला वाटले रूळ बिघडला. बिघडला होता कागद. कागद हवेतला ओलावा ओढतो, मऊ पडतो, कडा वळतात आणि पाने एकमेकांना चिकटतात. पाचशे पानांचे रीम मी उघडून टेबलावर ठेवले होते, ट्रेही भरलेला. आता कागद जुन्या तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात असतो. झाकण घट्ट, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पाने आडवी. लागतील तेवढीच काढते, छापून झाले की उरलेली परत डब्यात. रात्रभर ट्रेमध्ये कागद ठेवत नाही. ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) पातळ कागद पावसात फारच त्रास देतो, ८० चा बराच सरळ जातो. एवढ्या बदलानंतर जुलै-ऑगस्टात कागद दोनदाच अडकला.

जुलैत आम्ही अठरा दिवस मुंबईला होतो. परत येऊन छापले तर निळ्या रंगात पांढऱ्या रेघा. नॉझल चेकचे, म्हणजे हेडची छिद्रे तपासायचे, पान काढले, निळ्याचे जवळजवळ अर्धे खण रिकामे. हेड क्लीनिंग दोनदा केले, थोडा फरक पडला. इथे घाई करू नये. क्लीनिंग म्हणजे शाई जोराने बाहेर काढून आतल्या स्पंजमध्ये टाकणे. शाई जाते आणि तो स्पंजही भरत जातो. मी दोन वेळांवर थांबले आणि यंत्र रात्रभर तसेच ठेवले. वाळलेली शाई ओलाव्याने सैल व्हायला वेळ लागतो. सकाळी तिसऱ्या क्लीनिंगला निळा पूर्ण उतरला.

तेव्हापासून दर रविवारी चारही रंग वापरणारे एक पान छापते. वाया जाऊ नये म्हणून ते सासूबाईंसाठी करते. कॅलेंडरवरची बारीक अक्षरे त्यांना दिसत नाहीत. म्हणून पुढच्या आठवड्याचे वार-तिथी मोठ्या अक्षरांत, एकादशी निळ्यात, चतुर्थी लाल, घरातले वाढदिवस पिवळ्या चौकटीत. आता रविवारी दुपारी त्या स्वतःच विचारतात, "माझा कागद काढलंस?"

वाळण्याचे दुसरे कारण आपण स्वतः असतो. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करायचा, भिंतीवरच्या बटणाने नाही. स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कडेला जाऊन रबराच्या टोपीखाली बसते. भिंतीवरून वीज तोडली किंवा छपाई चालू असताना लाईट गेली, तर हेड वाटेत उघडे राहते. पावसात लाईट कधी कधी दुसऱ्या दिवशी येते, तोवर ते वाळणारच. माझा प्रिंटर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत ते यासाठी. वरून जुन्या सुती लुगड्याचे पांघरूण असते. प्लॅस्टिक घातले होते, पण त्याखाली दमटपणा कोंडतो.

गणपतीत घरात चौदा माणसे होती. आरत्या मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येकाच्या हातात दिल्या. चाकरमान्यांना आपापल्या फोनवरून कागद काढायचे होते. ॲन्ड्रॉइडमध्ये छपाईची सोय आधीच असते, आयफोनमध्ये एअरप्रिंट आहे, वेगळे ॲप लागत नाही. पण ते सगळे गेस्ट नेटवर्कवर. मुख्य पासवर्ड चौदा जणांना देण्यापेक्षा मी प्रिंटरचे वायफाय डायरेक्ट चालू केले. फोन थेट प्रिंटरशी जोडला जातो, राउटर मधे येत नाही. पाच दिवस तसेच चालले.

आजवर प्रिंटरच्या मोजणीत १८४० पाने झाली आहेत. काळ्या शाईची दुसरी बाटली भरली, रंगीत अजून पहिल्याच आहेत. बाटलीवर लिहिलेला पानांचा आकडा ठराविक चाचणी-पानांवर मोजलेला असतो, लेबलासारख्या भरगच्च पानाला तो लागू नाही. टाकीतली शाई खालच्या रेषेच्या खाली मात्र मी जाऊ देत नाही. नळीत हवा शिरली तर ती काढायला पुन्हा बरीच शाई घालवावी लागते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. स्कॅनरच्या काचेवर, आतल्या बाजूने, सप्टेंबरच्या सुरुवातीला एक धुरकट ठिपका दिसायला लागला. पुसून जात नाही, बुरशी असावी. सातबाऱ्याच्या स्कॅनमध्ये उजव्या कोपऱ्यात तो उमटतो. वॉरंटी डिसेंबरपर्यंत आहे, म्हणून काच स्वतः उघडलेली नाही. पाऊस संपला की यंत्र कणकवलीला न्यायचे आहे. टाक्या भरलेल्या असतात, म्हणून गाडीत आडवे-तिरपे न करता मांडीवर सपाट धरून.