सायलेन्सरचं वेल्डिंग घासायला गुलाबी दगड की कार्बाइड?

वेल्डिंग बाहेरच्या अंगाला असेल तर प्रश्नच नाही. चार इंची ग्राइंडर, त्याला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती), काम झालं. पंचाईत होते ती बेंड पाइप, म्हणजे इंजिनाकडून येणारी वाकडी नळी, सायलेन्सरात शिरतो तिथे. माझ्या जुन्या गाडीला नेमकी तिथेच चीर गेली. वेल्डिंगवाल्याने टाका पक्का मारला, पण धातू आत उतरून दोन गोळे झाले आणि बेंड पाइप काही केल्या बसेना. अशा बोळात रोटरी टूलच जातं, म्हणजे बारीक दगड किंवा बिट गरगर फिरवणारं हातातलं छोटं यंत्र.

नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीतून दोन्ही आणले: टूलला लावायच्या छोट्या गुलाबी घासदगडांचं पाकीट आणि डबल कटचं, म्हणजे आडव्यातिडव्या दातांचं, एक कार्बाइड बिट (कार्बाइड म्हणजे स्टीलही कापणारा कडक पदार्थ). त्या एका बिटाच्या पैशात दगडांची दोन पाकिटं आली असती, म्हणून साहजिकच आधी दगड लावला.

सुरुवात छान झाली. दगड उसळत नाही, पत्रा खात नाही, नवशिक्याचा हातही सांभाळून घेतो. पण वेल्डिंगच्या गोळ्याला कड असते, आणि त्या कडेवर टेकवला की दगडाला खाच पडते. खाच पडली की तो गोल राहत नाही, आणि एवढ्या स्पीडला जरासा वाकडा दगडही अख्खं टूल थरथरवतो. ड्रेसिंग करून, म्हणजे वरून घासून, परत गोल करता येतो, पण दर वेळी बारीक होतो, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच. एक गोळा अर्धा उतरेपर्यंत तीन दगड संपले. संध्याकाळी चहा घेतला तर हातातली कपबशी वाजत होती. आई म्हणाली, ‘ताप आला का रे?’ तिथेच माझं मन दगडावरून उडालं.

दुसऱ्या दिवशी कार्बाइड लावलं. उरलेला दीड गोळा पहिल्या चहाच्या आत उतरला आणि बिटाचा आकार होता तसाच राहिला. माझ्यापुरता तरी फरक इतका उघड होता.

अर्थात त्याचेही नखरे आहेत. पाइपच्या तोंडाशी दात अडकले तर बिट कडेकडेने पळत सुटतं, म्हणून टूल दोन्ही हातांनी धरायचं आणि दाबायचं नाही. सायलेन्सरचा पत्रा पातळ; गोळा संपला हे कळायच्या आत मूळ पत्राही जाऊ शकतो. शेवटचा पापुद्रा अजूनही मी दगडानेच काढतो. आणि कीस! कार्बाइडचा कीस म्हणजे बारीक सुया. सिंगल कटच्या, म्हणजे एकाच दिशेने दात असलेल्या बिटाच्या, आणखी लांब निघतात, म्हणून स्टीलसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये असं वाटतं. मी काम करत होतो गच्चीवर, आणि दिवस कुरडया वाळवण्याचे. प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक गुंडाळून सगळी गच्ची फिरलो, तरी एक सुई आईच्या टाचेला सापडलीच. चष्मा तर हवाच, पण चपलाही विसरू नका.

ॲल्युमिनियमच्या भागाला यातलं काहीच लावू नका. दगड लगेच भरतो, डबल कटचे दातही बुजतात. त्याला मोठ्या दातांचं वेगळं बिट मिळतं.

वर्षातून एखाद्या वेळी, बोटाएवढाच टाका घासायचा असेल तर दगडांचं पाकीट पुरेल, उगाच खर्च कशाला. त्याहून जास्त काम असेल तर मी कार्बाइड घ्या म्हणेन. फक्त दुकानात जाताना टूलचा कोलेट, म्हणजे बिटाची दांडी पकडणारा तुकडा, खिशात टाकून न्या. बहुतेक टूलना 3.2 मिमीचा असतो, आणि दुकानात 2.35, 3 आणि 6 मिमी दांड्याची बिटं एकाच डब्यात पडलेली असतात. 3 आणि 3.2 मधला फरक डोळ्यांनी कळत नाही, मला तरी कळला नव्हता. पहिलं बिट त्यामुळेच बदलून आणावं लागलं, तेही भर मे महिन्याच्या दुपारी.