राणी लुईझची बशी आणि तिच्या पाठीवरचा शिक्का

व्हिएन्नातील जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून घेतलेल्या, बाजारात ‘रॉयल व्हिएन्ना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, भिंतीवर लावायच्या पोर्सिलेनच्या बशीचे हे परीक्षण आहे. मध्यभागी प्रशियाची राणी लुईझ हिचे हाताने रंगवलेले व्यक्तिचित्र, भोवती गडद निळी किनार आणि त्या किनारीवर उठावदार सोनेरी वेलबुट्टी, अशी तिची रचना आहे. मागच्या बाजूला निळ्या रंगात ढालीचा शिक्का आहे. उलटा धरला की तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो, म्हणून इंग्रज संग्राहक त्याला ‘बीहाइव्ह’ म्हणतात.

दुकानदाराने बशी अठराव्या शतकातली, खुद्द व्हिएन्नाच्या शाही पोर्सिलेन कारखान्यातली असल्याचे सांगितले. ते शक्य नाही, आणि त्यासाठी तज्ज्ञाची गरजही नाही. लुईझचा मृत्यू १८१० साली झाला, आणि कपाळावर ताऱ्याचा मुकुट व गळ्याभोवती तलम वस्त्र अशा रूपात जिन्याच्या पायऱ्या उतरणारी तिची जी प्रतिमा या बशीवर आणि अशा इतर बश्यांवर सर्रास दिसते, ती गुस्टाव रिश्टर या चित्रकाराने १८७९ मध्ये रंगवली. मूळ चित्र कोलोनच्या वालराफ-रिचार्ट्झ संग्रहालयात आहे. क्लाउडियस इनोसेंटियस दु पाकिए याने १७१८ मध्ये सुरू केलेला आणि १७४४ मध्ये राजसत्तेने ताब्यात घेतलेला व्हिएन्नाचा कारखाना मात्र १८६४ सालीच बंद पडला होता. तो बंद पडल्यावर बोहेमिया, सॅक्सनी आणि खुद्द व्हिएन्नातल्या अनेक कारखान्यांनी व रंगकाम करणाऱ्या कार्यशाळांनी त्याचा ढालीचा शिक्का बिनदिक्कत वापरला. शिवाय अठराव्या शतकात मूळ कारखान्याचा शिक्का झिलईच्या, म्हणजे पोर्सिलेनवरच्या काचेसारख्या चकचकीत थराच्या, खाली असे, तर या बशीवरचा झिलईच्या वर असून बोटाला किंचित जाणवतो. १७८०च्या दशकापासून कारखाना ओल्या मातीत वर्षाचे आकडेही दाबत असे. ते येथे नाहीत.

शिक्का खोटा म्हणून बशी टाकाऊ ठरत नाही. भिंगाखाली चेहरा पाहिला तेव्हा छापील चित्रात दिसणारे एकसारखे, रांगेतले ठिपके कुठेही आढळले नाहीत. गालावरचा गुलाबी रंग बारीक, असमान फटकाऱ्यांनी चढवलेला आहे आणि पापण्यांच्या कडा एका केसाच्या कुंचल्याने काढल्यासारख्या आहेत. पोर्सिलेनवर असे काम करणे कागदावर किंवा हस्तिदंतावर रंगवण्याहून अवघड असते, कारण झिलईवरचे रंग भट्टीत भाजल्यावर बदलतात आणि चित्रकाराला डोळ्यांसमोर नसलेल्या छटेचा अंदाज बांधून काम करावे लागते. त्वचेचे रंग, गडद रंग आणि सोने यांसाठी बशी पुन्हापुन्हा भट्टीत जाते, आणि प्रत्येक फेरीत ती तडकण्याचा धोका असतो. लुईझच्या हनुवटीखालची राखाडी सावली ज्याने इतकी हलकी ठेवली, तो कारागीर नक्कीच कसलेला होता.

खाली ‘वाग्नर’ अशी सही आहे. ती इतक्या बश्यांवर आढळते की तिच्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नये. ‘कॉफमन’ अशी सही असली तर तेवढेही मनावर घेऊ नये, कारण ते बहुधा बशी रंगवणाऱ्याचे नव्हे, तर ज्यांच्या चित्रांची नक्कल झाली त्या अँजेलिका कॉफमन यांचे नाव असते. त्या १८०७ मध्येच वारल्या.

सोन्याबाबत माझे समाधान अर्धेच आहे. किनारीवरची वेलबुट्टी उठावदार आहे आणि अकीक या गुळगुळीत दगडाने घासून आणलेली मऊ चमक तिच्यावर अजून टिकून आहे, परंतु आतल्या वर्तुळाची रेषा एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त, भट्टीतूनच चकाकत निघणाऱ्या द्रव सोन्याची असावी, कारण ती जागोजागी उडाली आहे. काठाला टवका नाही, तडा नाही, आणि तिरप्या प्रकाशात दुरुस्तीचा रंगही दिसला नाही.

दुकानाबद्दल सांगायचे तर भिंग लावून हवा तितका वेळ पाहू दिले, हे कौतुकास्पद. दोन सालांचा मुद्दा मांडताच मालकांनी वाद न घालता किंमत उतरवली, यावरून त्यांनाही सत्य ठाऊक असावे असे वाटते. उतरलेल्या किमतीला बशी योग्य आहे; आधी सांगितलेल्या किमतीला मुळीच नव्हती. पावतीवर ‘व्हिएन्ना शैली, १८७९ नंतर’ असे लिहून देण्यास ते प्रथम तयार नव्हते, पण आग्रह केल्यावर लिहून दिले, आणि तेथे खरेदी करणाऱ्याने तो आग्रह धरावाच.