लंगड्या घोडीची मोठ्या रुग्णालयातली तपासणी: काही महिन्यांनंतरचा अनुभव (नालांच्या तक्रारीसह)

परवा फेरतपासणीला गेलो आणि त्यांनी पुन्हा नाल काढले. म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर घोडी सुधारतेय, मी गप्पच राहिलो असतो.

घोडा बाळगणाऱ्यांना पायाची तपासणी कशी असते ते सांगायला नको. पळवून बघतात, खूर चिमट्याने दाबतात, सांधा वाकवून धरतात, सुया टोचतात, फोटो काढतात. मी लिहितोय ते मोठ्या रुग्णालयाबद्दल, जिथे हे सगळं एकाच छपराखाली होतं आणि बिलही एकाच कागदावर येतं. नाव लिहीत नाही, कारण पुन्हा तिथेच जायचंय.

आमची घोडी पुढच्या उजव्या पायाने लंगडत होती. सरळ चालवली तर फारसं कळायचं नाही. कडक जमिनीवर उजवीकडे गोल फिरवली की दिसायचं. विश्रांती दिली की बरी, कामाला लावली की पुन्हा तेच. घरी येणारे डॉक्टर खुराकडे बोट दाखवत होते. तबेल्यातला एकजण ठामपणे खांदा म्हणत होता. प्रत्येक तबेल्यात असा एक असतोच, आणि घोडा कोणताही असो, त्याचं निदान खांदा हेच असतं.

वेळ ठरवताना फोनवरच्या बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली: आधीचे काही दिवस दुखणं कमी करणारं औषध बंद ठेवा. बरोबरच आहे. ब्युटच्या, म्हणजे त्याच वेदनाशामकाच्या, जोरावर चालणारी घोडी नेली तर डॉक्टरांना दिसणार काय? तिथे पोचेपर्यंत ती लंगडीच राहिली पाहिजे. मालकाला हे जरा उलटं वाटतं, पण घोडा नीट चालला तर तपासणीचे पैसे पाण्यात. मात्र एवढ्या सूचना देणाऱ्या बाईंनी नालांबद्दल चकार शब्द काढला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

पळवायची जागा उत्तम. लांब, सपाट, कडक पट्टी. धरणारा मुलगा कसलेला होता. दोर सैल सोडून दुडकीवर पळवत होता, कारण डोकं आवळून धरलं तर सगळी खूणच हरवते. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली टाकतो. मागच्या पायाचं लंगडणं असेल तर पुठ्ठ्याचं, म्हणजे कंबरेमागच्या भागाचं, वरखाली होणं पाहतात. डॉक्टर मॅडम बराच वेळ नुसत्या बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, ‘पाचपैकी दोन.’ अमेरिकेतल्या अश्ववैद्यांच्या संघटनेची ती शून्य ते पाच श्रेणी आहे. दोन म्हणजे सरळ चालीत नीट कळत नाही, पण वळणावर किंवा कडक जमिनीवर दर वेळी दिसतं. पाच म्हणजे पायावर भार जवळजवळ देतच नाही. एवढंच ऐकायला इतक्या लांब आलो का, असं तेव्हा मनात आलं. पण याहून जरा सौम्य लंगडण्यात डॉक्टरांचीही गल्लत होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अनुभवी डॉक्टरांना घोडे दाखवले होते. दीड किंवा त्याहून कमी श्रेणी असलेल्या घोड्यांचा पाय लंगडा आहे की नाही, एवढ्याच प्रश्नावर त्यांचं एकमत ६२ टक्क्यांच्या आसपास होतं. श्रेणी त्याच्या वर गेली की ९३ टक्के. म्हणजे आमच्या तबेल्यातला खांदावाला अगदीच एकटा नाही.

तिथे सेन्सरही आहेत. डोक्यावर एक, पुठ्ठ्यावर एक आणि पुढच्या उजव्या पायाला एक. घोडी पळते आणि संगणकावर रेघा उमटतात. मॅडमनी डोळ्यांनी जे सांगितलं तेच सेन्सरनी सांगितलं, वर बिलात एक ओळ वाढवली.

सांधे वाकवून बघणं मला फारसं पटलं नाही. खालचा सांधा मिनिटभर घट्ट वाकवून धरायचा आणि सोडल्याबरोबर पळवायचं. चांगले धडधाकट घोडेही यात दोन पावलं लंगडतात. मॅडमना विचारलं तर त्यांनीही मान्य केलं, की यावर एकट्यावर त्या विसंबत नाहीत. मग करता कशाला, हे मी विचारलं नाही.

आता सुया. पहिल्या दिवशी कोणी मत विचारलं असतं, तर याच भागाला मी पाचात एक दिला असता. टाचेच्या वर दोन्ही बाजूंना बधिर करणारं औषध टोचायचं. पाच-दहा मिनिटं थांबायचं. पेनाच्या टोकाने टाचेला टोचून कातडी बधिर झाली का बघायचं. पुन्हा पळवायचं. फरक नसेल तर जरा वर टोचायचं, पुन्हा थांबायचं. खालून वर, एकेक टप्पा. मी घड्याळाकडे बघत होतो. गाडीवाला ताटकळत उभा होता आणि त्याचं भाडं तासावर होतं. आत एवढं मोठं एमआरआय यंत्र आहे, घाला तिला त्यात आणि मोकळे व्हा, असं मी बोलूनही दाखवलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘कुठल्या भागाचं करू ते सांगा.’

पहिल्याच टप्प्यावर उजवा पाय सुधारला. आणि घोडी डाव्या पायाने लंगडायला लागली.

मला वाटलं सुईने काहीतरी बिघडवलं. तसं नव्हतं. दुखत होते दोन्ही खूर, उजवा जास्त. उजव्याचं दुखणं डाव्याच्या दुखण्याला झाकून टाकत होतं. उजवा बधिर झाल्याबरोबर डाव्याने तोंड वर काढलं. इतके महिने आम्ही सगळे एकाच पायाकडे बघत बसलो होतो, घरचे डॉक्टर, खांदावाला, सगळे. मग डावाही बधिर केला आणि ती पट्टीवर अशी निघाली की धरणाऱ्या मुलाला तिच्याबरोबर धावावं लागलं. वेदनाशामक देऊन सुधारलेली चाल मी आधी पाहिली होती. ही तशी नव्हती. पाऊल लांब पडत होतं, टाच आधी टेकत होती.

तेव्हा सुयांचा एकचा आकडा मी मागे घेतो. विशेषतः खर्चाच्या बाजूने. घोडा उभा ठेवून करतात त्या एमआरआयमध्ये एका वेळी पायाचा छोटासा भागच दिसतो. चुंबकाच्या मध्ये खूर तरी ठेवायचा किंवा त्याच्या वरचा सांधा तरी. दुखणं नेमकं कुठे हे ठाऊक नसताना एकेक भाग करत वर गेलो असतो, तर घोडी विकूनही बिल फिटलं नसतं. दुसरा मार्ग हाडांच्या स्कॅनचा. त्यात किरणोत्सारी टेक्नेशियम शिरेत देतात आणि त्याचा अंश उतरेपर्यंत घोड्याला वेगळं ठेवावं लागतं. सुईच जागा बोट दाखवून सांगत असताना त्याची गरजच नव्हती. अर्थात हाड तडकल्याचा संशय असेल तर आधी एक्स-रे, मग सुया. बधिर पायावर घोडा निर्धास्त जोर देतो आणि तडकलेलं हाड पार मोडू शकतं. आणि सुई टाचेपुरतीच बोलते असंही नाही, तिचा असर खुराच्या आतल्या सांध्यापर्यंत पोचतो, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. म्हणजे उत्तर ‘खूर’ एवढंच. खुरात नेमकं काय, ते फोटो सांगणार.

आणि फोटोसाठी नाल काढणार.

इथे माझा पारा चढतो. नाल नवे होते. आमचा नालबंद येऊन गेल्याला आठवडाही उलटला नव्हता, आणि तो काही हाक मारली की धावत येणारा माणूस नाही. खुराच्या तळातून हाडाचा फोटो घ्यायचा तर नाल आड येतो, हे समजतं. एमआरआयला तर लोखंडच चालत नाही. खिळ्याचा तुकडा आत राहिला तरी चित्रावर डाग येतो, म्हणून नाल काढल्यावर तुकडा राहिला का तेही एक्स-रेवर बघतात. सगळं मान्य. पण मग परत ठोकणार कोण? ‘आमच्याकडे नालबंद रोज नसतो.’ रोज घोड्यांचे नाल उपटणाऱ्या रुग्णालयात ते ठोकणारा माणूस रोज नसतो! घोडी अनवाणी गाडीत चढली, अनवाणी उतरली आणि तबेल्यापर्यंतच्या खडीवर चारही पाय दुखावल्यासारखी चालली. खिळ्यांच्या भोकांपाशी खुराची कड तुटली ती वेगळीच. खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही, त्यामुळे तुटलेली कड भरून यायला किती काळ जातो हे नालबंदाला विचारा. तो माझ्याशी दोन वाक्यं बोलला आणि दोन्ही इथे लिहिण्यासारखी नाहीत.

एक्स-रेत जवळजवळ काही नव्हतं. नॅव्हिक्युलर हाड, म्हणजे खुरातलं टाचेकडचं छोटं हाड, ठीकठाक. एमआरआयमध्ये मात्र उजव्या खुरात, त्या हाडाच्या मागून जाणाऱ्या खोल कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत) इजा दिसली, डाव्यात तशीच पण कमी. खुराच्या आत ही जागा सोनोग्राफीला नीट सापडत नाही, कारण वरून कवच आहे. म्हणजे एमआरआयवर ओढलेला माझा चेक अनाठायी नव्हता. दोन्ही खुरांचं करूया म्हटल्यावर मी बरीच घासाघीस केली होती, पण डाव्याने स्वतःच तोंड उघडल्यावर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

उपचारात चमत्कार कुठलाच नाही. विश्रांती, हाताने चालवणं, ते हळूहळू वाढवणं आणि पुढचा तळ गोलसर केलेले नाल, म्हणजे पाऊल उचलताना कंडरेवर ताण कमी. हो, पुन्हा नाल. यावेळी नालबंदाने बाजूने काढलेला एक्स-रे समोर ठेवून काम केलं आणि खुराची पुढची बाजू इतकी लांब सोडल्याबद्दल स्वतःशीच पुटपुटला. जुने काढलेले नाल त्याने पालथे करून बघितले, ते पुढच्या टोकाशी जास्त झिजले होते. घोडी टाच वाचवून टोकावर टेकत होती, असं त्याचं म्हणणं.

आज ती सरळ दुडकीत साफ चालते. कडक जमिनीवर गोल फिरवली की अजून किंचित दिसतं, डावीकडे अजिबात नाही. कंडरा भरायला अनेक महिने घेते आणि पुन्हा दुखावण्याची टांगती तलवार राहतेच, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी साखर न लावता सांगितलं. ते मला आवडलं.

आणि मग परवा. फेरतपासणीला जाताना मी आधी फोन करून विचारलं होतं की नाल काढणार का. ‘नाही, फक्त पळवून बघू.’ पळवून बघितलं, सगळे खूश. मग बाजूने एक एक्स-रे घेऊ म्हणाले. बाजूचा एक्स-रे नालासकट घेता येतो. उलट खुराचा तोल बघायचा असेल तर नाल असलेलाच बरा. मी पाणी प्यायला बाहेर गेलो आणि परत येईपर्यंत सहायकाने सवयीने दोन्ही नाल उपटले होते. त्या खास नालांसकट. मॅडमनी त्याला झापलं, माझी माफी मागितली, त्या एक्स-रेचं बिल लावलं नाही. पण नालबंदाचं बिल कोण देणार यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे.

निदानाला साडेचार तारे देतो, त्यातले बहुतेक सुयांच्या त्या कंटाळवाण्या तासांसाठी. व्यवस्थेला दोन. सेन्सरना एकही नाही.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे सुयांचे टप्पे त्याच दिवशी उरकतात. गाडीवाल्याशी तासावर ठरवू नका. नालबंदाला सोबत न्या, आणि तो येत नसेल तर खुराला बांधायचे बूट तरी गाडीत टाका. घोडीला गुंगी दिलेली असेल तर ती पूर्ण जागी होईपर्यंत तोंडापुढे चारा ठेवू नका, घशात अडकतो. आणि निघताना फोटो मूळ डायकॉम फाइलमध्येच (यंत्रातल्या वैद्यकीय चित्रांचं मूळ स्वरूप) मागा. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो नालबंदाच्या काही कामाचा नाही, त्यात मापच घेता येत नाही.