स्प्रिंटसाठी बीटचा रस: ताजा, शॉट की पावडर?

वेग वाढवायला भाजीचा रस प्यावा का, हा प्रश्न मुळात नायट्रेटचा, म्हणजे भाज्यांत नैसर्गिकपणे असणाऱ्या एका क्षाराचा आहे. गाजर आणि टोमॅटोत ते नगण्य असतं, त्यामुळे त्यांचे रस एरवी कितीही चांगले असले तरी इथे बाद. उरतात बीट आणि पालकासारख्या पालेभाज्या.

नायट्रेट रक्तात उतरलं की लाळग्रंथी ते ओढून घेऊन लाळेत सोडतात. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारा वायू, तयार होतं. म्हणजे शर्यतीच्या सकाळी जंतुनाशक माउथवॉशने खळखळून चूळ भरली, तर नंतर घेतलेला महागडा शॉट, म्हणजे आटवलेल्या बीटच्या रसाची छोटी बाटली, बराचसा फुकट जातो. नुसतं ब्रश केलेलं चालतं.

बीटच्या रसाचं नाव झालं ते दमाच्या खेळांमुळे. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या प्रयोगात रोज अर्धा लिटर रस घेणाऱ्यांना तेवढ्याच व्यायामाला कमी ऑक्सिजन लागला. स्प्रिंटवाल्यांचं लक्ष वळलं ते पुढे. उंदरांवरच्या प्रयोगांत नायट्रेटचा परिणाम झपाट्याने आकुंचन पावणाऱ्या स्नायूतंतूंवर जास्त दिसला, आणि स्टार्टला जोर लावतात ते हेच तंतू.

2016 मधल्या एका अभ्यासात सांघिक खेळ खेळणाऱ्या पुरुषांनी पाच दिवस बीटचा रस घेतला. 5 मीटरची वेळ 2.3 टक्क्यांनी, 10 मीटरची 1.6 टक्क्यांनी आणि 20 मीटरची 1.2 टक्क्यांनी सुधारली. आकडे नीट पाहा: अंतर वाढतं तसा फायद्याचा टक्का घटतो. 20 मीटरला साधारण तीन सेकंद धरले तर हाती लागतात सेकंदाचे तीन-चार शतांश. शिवाय हे खेळाडू ब्लॉक्समधून (स्टार्टला पाय टेकवायच्या ठोकळ्यांवरून) सुटणारे मुरलेले स्प्रिंटर नव्हते. दोन धावांच्या मधे थोडीच विश्रांती, अशा चाचणीत त्याच मंडळींची कामगिरी 3.9 टक्क्यांनी वाढली. सगळेच अभ्यास इतके गोड नाहीत. वारंवार स्प्रिंट मारायला लावूनही काहीच फरक न सापडलेले प्रयोगही आहेत. आणि खेळाडू जितका कसलेला, तितका फायदा कमी, असं बऱ्याचदा दिसलंय.

माझं मत त्यावरूनच. फुटबॉल, हॉकी, रग्बी यांसारख्या पुन्हा पुन्हा धाव घ्याव्या लागणाऱ्या खेळात असाल, तर बीट करून पाहण्यासारखं आहे. फक्त 100 मीटर धावत असाल, तर तोच पैसा आधी क्रिएटिनवर, म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवायला मदत करणाऱ्या पूरकावर घाला. रोज 3 ते 5 ग्रॅम, आणि पुरावाही जास्त भक्कम. त्याने सुरुवातीला वजन एक-दोन किलो वाढू शकतं, हे मात्र धरून चाला. कॅफीन दर किलो वजनामागे 3 मिलिग्रॅमपासून, शर्यतीच्या तासभर आधी. पण संध्याकाळची शर्यत असेल तर झोपेचं खोबरं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या 2018 च्या निवेदनात भरीव पुरावा असलेल्या मोजक्या पूरकांत ही तिन्ही आहेत, त्यामुळे नायट्रेट ही काही भोंदूगिरी नव्हे.

बीटच घ्यायचं ठरलं, तर कोणत्या रूपात? त्याच निवेदनातली मात्रा आहे 310 ते 560 मिलिग्रॅम नायट्रेट, शर्यतीच्या दोन-तीन तास आधी.

घरी काढलेला ताजा रस सगळ्यात स्वस्त, पण मात्रेचा भरवसा नाही. जमीन, खत, हंगाम, साठवण यांवर कंदातलं नायट्रेट कितीतरी पटींनी बदलतं. एक्सेटरच्या अर्ध्या लिटरात साधारण 350 मिलिग्रॅम होतं. तुमच्या ग्लासात किती, हे चवीवरून कळत नाही. वर तेवढा मातकट रस पोटात डुचमळत असताना वॉर्म-अप करून बघा! उकडलेल्या बीटचा रस काढू नका, नायट्रेट पाण्यात उतरतं आणि पाणी आपण फेकतो. पालकाच्या रसात नायट्रेट भरपूर मिळू शकतं, पण त्यात मूतखड्याला हातभार लावणारं ऑक्झलेटही भरपूर. मूतखड्याचा त्रास असलेल्याने दूरच राहावं. बीटही त्या बाबतीत निर्दोष नाही.

आटवलेला शॉट 70 मि.ली.चा, चांगल्या उत्पादनात त्यात 400 मिलिग्रॅमच्या आसपास. दोन घोटांत काम होतं. महाग आहे, पण स्पर्धेच्या दिवसासाठी मी हाच निवडेन.

पावडर सोयीची, आणि फसगतही तिथेच जास्त. डब्यावर ठळक अक्षरांत ‘बीटरूट 5000 मिलिग्रॅम’ असतं, ते बीटचं वजन. नायट्रेट किती, ते मागच्या बारीक अक्षरांत शोधा. तिथेही आकडा नसेल तर डबा परत ठेवा. शॉट असो वा पावडर, स्पर्धक असाल तर उत्तेजक द्रव्यांसाठी बॅचवार तपासणी झालेलाच माल घ्या. नायट्रेट किंवा नायट्राइटचं रासायनिक मीठ आणून घरी मिसळण्याचा उद्योग मात्र अजिबात नको. नायट्राइटची थोडीशी चूकही जिवावर बेतू शकते.

पहिला शॉट सरावाच्या दिवशी घ्या, कारण काहींचं पोट बिघडतं. लघवी गुलाबी झाली तर घाबरायचं कारण नाही, रंग बीटचाच आहे. रक्तदाबाच्या किंवा छातीदुखीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. या रसाने रक्तदाब खरोखर उतरतो.