नाशिकच्या गिरणारे रोडवरचं इंग्रज काळातल्या शेतकरणीचं घर, नक्की जा

शेतावर जुनं मातीचं घर उभं केलंय, तिकीट काढायचं आणि तिथल्या ताई सगळं करून दाखवतात. जातं नुसतं बघायला ठेवलेलं नाही, दळायला बसवतात. दोघींनी समोरासमोर बसून खुंटा धरायचा, एकीने मूठमूठ वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालायची, लय चुकली की पीठ जाडंभरडं येतं. थोड्याशा बाजरीत माझे खांदे भरून आले आणि त्या बायका पहाटे अंधारात ओव्या म्हणत अख्ख्या घराचं दळण काढायच्या, मग पाणी, शेण, धारा, भाकऱ्या आणि न्याहारी घेऊन रानात, लेकरू झाडाच्या झोळीत. खरंच डोळे भरून आले.

पण पाट्यांवर भांड्यांचीच नावं आहेत, बाईबद्दल काही नाही, हे मला अजिबात पटलं नाही. शारदा कायदा १९२९ चा, त्यात मुलीचं लग्नाचं वय १४ झालं, त्याआधी खेळायच्या वयात पोरी सासरी जायच्या. बाळंतपण घरातच, सुईणीच्या हाती. १८९९-१९०० चा दुष्काळ, त्याच सुमारास नाशिकजवळच्या भगूरपर्यंत आलेला प्लेग, यात लेकरं जगवली कोणी? हे लिहायलाच हवं, मी ताईंना तसं बोलले पण, त्यांनी नीट ऐकून घेतलं.

जेवण चुलीवरचं, पिठलं-भाकरी आणि पाट्यावर वाटलेला ठेचा एक नंबर. रविवारी गर्दी असते, जात्यावर नंबर लागत नाही, मधल्या वारी सकाळी जा आणि आजीला सोबत न्या, ती ताईंपेक्षा जास्त सांगेल.